आर्टिक्युलेटरवर वरचा जबडा हलतो

प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे कृत्रिम दात व कवळ्यांच्या शाखेत, एमडीएस ही दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी पूर्ण करून मी व्याख्याती म्हणून रुजू झाले, तेव्हा जबड्याची रचना, त्याच्या हालचाली आणि ऑक्लूजन (वरचे व खालचे दात एकमेकांवर कसे बसतात) हा भाग माझ्याकडे आला, कारण विभागात दुसरे कोणी तो आनंदाने घेत नव्हते. मेणात दाढ कोरून घेणे सोपे असते. तेच दात एकमेकांवरून सरकू लागले की वर्ग शांत होतो आणि नव्या शिक्षकाला वाटते की मुलांना समजले. मलाही तसेच वाटले होते. हा भाग ज्यांना पहिल्यांदा शिकवायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

माझी चूक अशी झाली. सेमी-ॲडजस्टेबल आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या उपकरणावर, दातांची प्लास्टरची मॉडेल्स बसवून झाल्यावर मी ‘आता उजवीकडची हालचाल करा’ असे सांगितले. विद्यार्थ्यांनी वरची चौकट उजवीकडे ढकलली, आर्टिक्युलेटिंग पेपरने (दात टेकतात तिथे रंग सोडणाऱ्या कागदाने) ठिपके उमटवले आणि जर्नलमध्ये उजवी बाजू वर्किंग (जबडा जिकडे जातो ती) म्हणून नोंदवली. मी फेरी मारून सगळ्या जर्नलांवर सह्या केल्या. तोंडात हलतो तो खालचा जबडा. आर्टिक्युलेटरवर मात्र खालची चौकट टेबलावर स्थिर असते आणि हलते ती वरची. म्हणजे रुग्णाचा जबडा उजवीकडे गेल्याचे दाखवायचे असेल, तर वरची चौकट डावीकडे न्यावी लागते. माझ्या संपूर्ण बॅचने डावीकडची हालचाल करून तिला उजवी म्हटले होते.

हे एकदा वाचून पुरत नाही, म्हणून पुन्हा सांगते. जबडा उजवीकडे जातो, तेव्हा उजवा कंडाइल (कानासमोरच्या सांध्यातले खालच्या जबड्याचे टोक) साधारण जागीच फिरतो आणि डावा कंडाइल पुढे, खाली व आत सरकतो. उजव्या, म्हणजे वर्किंग बाजूला खालच्या दाढांचे गालाकडचे कस्प, म्हणजे दाढेवरचे उंचवटे, बाहेरच्या दिशेने जातात. डाव्या बाजूला तेच कस्प जिभेकडे येतात आणि वरच्या दाढांच्या टाळूकडच्या कस्पांच्या आतल्या उतारांना अडण्याची शक्यता असते. नैसर्गिक दातांत हा नॉन-वर्किंग, म्हणजे विरुद्ध बाजूचा, स्पर्श नको असतो, तर संतुलित ऑक्लूजनच्या पूर्ण कवळीत तोच मुद्दाम ठेवला जातो. बाजूंची नावे उलटली की काय घासायचे आणि काय राखायचे हेही उलटते. त्याच बॅचमधील एका विद्यार्थ्याने पुढे क्लिनिकमध्ये जर्नलमधला तक्ता आठवून एका क्राउनचा (दातावर बसवलेल्या टोपीचा) भलताच उतार घासला आणि तो क्राउन पुन्हा करावा लागला. रुग्णाचा स्वतःचा दात असता, तर ‘पुन्हा करू’ असे म्हणण्याची सोय नव्हती. त्या जर्नलवर सही माझी होती.

त्यानंतर मी क्रम बदलला. आर्टिक्युलेटर कपाटातून काढण्यापूर्वी प्रत्येकाने कानासमोर बोटे ठेवून तोंड हळूहळू उघडायचे. साधारण पहिल्या 20 ते 25 मिलिमीटरपर्यंत कंडाइल मुख्यतः बिजागरीसारखा फिरतो, त्यापुढे तो सांध्यातल्या चकतीसह पुढे सरकतो, आणि हे सरकणे बोटाला स्पष्ट जाणवते. मग जबडा उजवीकडे नेऊन कोणत्या बोटाखाली अधिक हालचाल झाली, हे लिहून काढायचे. त्यानंतरच आर्टिक्युलेटर हाती घ्यायचा, आणि तोही पहिल्या दिवशी उचलून, वरची चौकट डाव्या हातात घट्ट धरून व खालची हलवून. उपकरण अवघडल्यासारखे धरावे लागते, मुले हसतात, हसू द्यावे.

साध्या बिजागरीच्या आर्टिक्युलेटरवर हालचाली शिकवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्यावर फक्त उघडझाप होते आणि जबडाही तेवढेच करतो, अशी समजूत पक्की होते. ॲनिमेशनबद्दलही माझी तक्रार आहे. त्यांतला जबडा फार गुळगुळीत चालतो आणि पाहणाऱ्याला समजल्याचा भास होतो. पॉसेल्ट या संशोधकाने 1952 मध्ये मांडलेली जबड्याच्या हालचालींच्या सीमेची आकृती मी अजूनही फळ्यावर रेषेरेषेने काढते, कारण काढताना प्रत्येक वळणावर ‘इथे काय अडले?’ असे विचारता येते.

जुन्या झेरॉक्स नोट्सपासून मात्र सावध राहावे. सेंट्रिक रिलेशन (दोन्ही जबड्यांची मूळ संदर्भस्थिती) म्हणजे कंडाइलची सर्वांत मागची स्थिती, असे त्यांत अजून सापडते. प्रोस्थोडॉन्टिक्सच्या शब्दसंग्रहाच्या 1987 च्या पाचव्या आवृत्तीत ती स्थिती पुढे व वर, आर्टिक्युलर एमिनन्सच्या (सांध्यापुढच्या हाडाच्या उंचवट्याच्या) उताराशी लागून, अशी सांगितली गेली. ‘आमच्या वेळी आम्ही असेच शिकलो’ म्हणणारे ज्येष्ठ परीक्षक तुम्हाला भेटतील. त्यांच्याशी व्हायवाच्या टेबलावर वाद घालू नये, पण वर्गात दोन्ही व्याख्या वर्षासह लिहाव्यात, म्हणजे विद्यार्थी दोन्हीकडून कोंडीत सापडत नाही.

पहिल्या वर्षी तुम्हीही वर्किंग आणि नॉन-वर्किंगमध्ये अडखळाल. अडखळलात तर फळ्याकडे पाठ करून स्वतःचा जबडा हलवून पाहा. मी आजही तसे करते, आणि मागच्या बाकावरून कोणी ना कोणी माझ्याबरोबर तोंड वाकडे करत असते.