चोवीस क्रेडिट वेळेत: एआरआरटी प्रमाणपत्र चालू ठेवण्याचा हिशेब

अमेरिकेत एक्स-रे, सीटी, एमआरआय किंवा मॅमोग्राफी करणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टकडे बहुतेक ठिकाणी 'अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स', म्हणजे एआरआरटीचे प्रमाणपत्र मागतात. परीक्षा एकदा पास झाली की सुटलो, असे होत नाही. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि दर दोन वर्षांनी २४ सीई (कंटिन्युइंग एज्युकेशन, म्हणजे निरंतर शिक्षण) क्रेडिटचा हिशेब द्यावा लागतो. दोन वर्षांत चोवीस तास शिकणे कुणालाच जड नाही. लोक अडकतात ते तारखांमध्ये, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दोन वर्षांच्या या मुदतीला बायेनियम म्हणतात आणि ती तुमच्या जन्माच्या महिन्यावर ठरते. जन्म ऑगस्टमधला असेल, तर मुदत १ ऑगस्टला सुरू होऊन दोन वर्षांनी ३१ जुलैला संपते. वाढदिवस ५ तारखेला असो की २९ला, धरायचा तो महिना. हिशेब डिसेंबरअखेर होतो असे समजणारे चुकतात, आणि वाढदिवसापर्यंत वेळ आहे असे समजणारेही. ३ ऑगस्टला पूर्ण केलेला कोर्स सरळ पुढच्या मुदतीत जमा होतो. नुकतीच परीक्षा पास झालेल्यांची पहिली मुदत त्यानंतर येणाऱ्या जन्ममहिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होते. त्याआधी उत्साहाने केलेले कोर्स तिच्यात धरले जात नाहीत. तसेच २४च्या जागी ३१ क्रेडिट झाली, तरी वरची सात पुढे नेता येत नाहीत. रेडिओलॉजिस्ट असिस्टंट असाल तर आकडा ५०चा आहे.

आता काय चालते ते. क्रेडिट 'कॅटेगरी ए' किंवा 'ए प्लस' दर्जाचे हवे, म्हणजे तो कार्यक्रम एआरआरटीने मान्य केलेल्या मूल्यमापन संस्थेने आधी तपासलेला हवा. टेक्नॉलॉजिस्टची राष्ट्रीय संघटना एएसआरटी ही अशीच एक संस्था. डॉक्टरांसाठीच्या 'एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) कॅटेगरी १' कार्यक्रमांचा विषय इमेजिंगशी निगडित असेल, तर तेही धरतात. विभागात मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने दुपारच्या जेवणाबरोबर नव्या मशीनची माहिती दिली, ती कितीही उपयोगी असली, तरी मान्यता नसेल तर क्रेडिट शून्य. सुट्टीत मुंबई-पुण्याला येऊन एखाद्या परिषदेला बसणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. तिथे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे गुण असतील, पण एआरआरटीला मान्य असलेल्या संस्थेची मंजुरी नसेल तर अमेरिकेत त्याचा उपयोग नाही. त्याउलट मान्यताप्राप्त ऑनलाइन लेख वाचून त्याची परीक्षा पुण्यातल्या घरी बसून दिली, तर ते क्रेडिट पूर्ण धरले जाते.

मिनिटांचा नियम असा: ५० ते ६० मिनिटांना १ क्रेडिट, ३० ते ४९ मिनिटांना अर्धे, २९ किंवा कमी मिनिटांना काही नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन सुटे व्हिडिओ पाहून एक तास भरत नाही.

एकच कार्यक्रम एका बायेनियममध्ये दोनदा धरत नाहीत. रुग्णालयाने दरवर्षी नेमून दिलेला तोच कोर्स दुसऱ्या वर्षीही यादीत टाकला जातो आणि हिशेब दोन-तीन क्रेडिटने कमी पडतो. ऑनलाइन कोर्सच्या बाबतीत तारीख धरतात ती शेवटची परीक्षा पास झाल्याची, पैसे भरल्याची नव्हे. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाच्या मंजुरीलाही मुदत असते. जुना संच स्वस्तात मिळाला म्हणून घेण्याआधी ती मुदत बघा.

कोर्स संपला की त्याच दिवशी प्रमाणपत्र उघडून तपासावे. त्यावर तुमचे नाव, कार्यक्रमाचे शीर्षक, तारीख, क्रेडिटची संख्या, आयोजकाचे नाव, आयोजक किंवा शिक्षकाची सही आणि मंजुरीचा संदर्भ क्रमांक हवा. गोंधळ बहुतेक या क्रमांकाचाच असतो. दीड वर्षाने आयोजकाला शोधत बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात ईमेल करून दुरुस्त प्रत मागवा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर प्रमाणपत्रावर आणि एआरआरटीच्या खात्यात एकच नाव असल्याची खात्री करा. मग एआरआरटीच्या खात्यात नोंद करा आणि पीडीएफ 'वर्ष-महिना-विषय-क्रेडिट' अशा नावाने एका फोल्डरमध्ये ठेवा. मुदत संपली म्हणून लगेच फोल्डर पुसू नका. एआरआरटी काही जणांचे ऑडिट करते आणि तेव्हा खात्यातली नोंद पुरत नाही, मूळ प्रमाणपत्र दाखवावे लागते.

आतापर्यंत एकाच मुदतीचे बोललो, पण बहुतेकांच्या डोक्यावर तीन-चार मुदती एकदम चालू असतात आणि सगळ्यांची मोजणी वेगळी असते.

मॅमोग्राफीची मुदत सगळ्यात फसवी. संघराज्याच्या मॅमोग्राफी गुणवत्ता कायद्याप्रमाणे टेक्नॉलॉजिस्टने आधीच्या ३६ महिन्यांत मॅमोग्राफीतली १५ क्रेडिट आणि आधीच्या २४ महिन्यांत २०० मॅमोग्राफी तपासण्या दाखवायच्या असतात. इथे जन्ममहिन्याचा संबंध नाही. केंद्राच्या वार्षिक तपासणीच्या दिवसापासून किंवा त्याआधीच्या तिमाहीच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजतात. मोजणी सरकती असल्यामुळे तीन वर्षांपूर्वी एकाच शनिवार-रविवारी मिळवलेली १५ क्रेडिट एका दिवसात एकदम बाहेर पडतात, आणि एआरआरटीची २४ पूर्ण असूनही तुम्ही अपात्र ठरता. म्हणून दरवर्षी सहा क्रेडिट मॅमोग्राफीतच घ्या. तीन वर्षांत १८ होतात आणि थोडी शिल्लक राहते. २०० तपासण्या भरल्या नाहीत, उदाहरणार्थ बाळंतपणाच्या रजेमुळे किंवा दुसऱ्या विभागात बदली झाल्यामुळे, तर पात्र टेक्नॉलॉजिस्टच्या थेट देखरेखीखाली २५ तपासण्या केल्यावरच पुन्हा स्वतंत्रपणे काम करता येते. क्रेडिट कमी असतील तर ती १५पर्यंत भरून काढावी लागतात. टोमोसिंथेसिससारखे (स्तनाच्या थराथरांच्या प्रतिमा देणारी मॅमोग्राफी) आधी न वापरलेले तंत्र सुरू करायचे असेल, तर त्यातले आठ तासांचे प्रशिक्षण आधी हवे.

दुसरी मुदत राज्याच्या लायसन्सची. राज्याराज्यांत नियम निराळे आहेत. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत २४ क्रेडिट लागतात, पण त्यांतली चार डिजिटल रेडिओग्राफीची हवीत. फ्लुरोस्कोपीचा (पडद्यावर हलते एक्स-रे चित्र दाखवणारी तपासणी) परवाना असेल तर चार फ्लुरोस्कोपीतल्या किरणसुरक्षेची आणि मॅमोग्राफीचे राज्य प्रमाणपत्र असेल तर दहा मॅमोग्राफीची. ही चार अधिक चार अधिक दहा, म्हणजे अठरा क्रेडिट आधी घ्या. उरलेली सहा तुमच्या आवडीची. तारखा नीट बसवल्या तर हीच २४ एआरआरटीलाही चालतात आणि त्यांतली दहा मॅमोग्राफीच्या १५मध्येही धरली जातात. सोनोग्राफी करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या एआरडीएमएस या संस्थेचे प्रमाणपत्रही असेल, तर तिथे तीन कॅलेंडर वर्षांत ३० क्रेडिट लागतात आणि ती मुदत मात्र ३१ डिसेंबरलाच संपते.

तिसरी मुदत दहा वर्षांची. १ जानेवारी २०११पासून मिळालेली एआरआरटीची प्रमाणपत्रे दहा वर्षांपुरती असतात. त्यानंतर 'सीक्यूआर' (कंटिन्युइंग क्वालिफिकेशन्स रिक्वायरमेंट्स, म्हणजे पात्रता टिकून असल्याची पडताळणी) करावे लागते आणि त्यासाठी आधीची तीन वर्षे मिळतात. आधी तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता याची माहिती भरायची, मग स्व-मूल्यमापनाचे प्रश्न सोडवायचे. यात पास-नापास नसते. ज्या भागात तुम्ही ठरलेल्या पातळीला पोहोचत नाही, त्या भागातली क्रेडिट नेमून दिली जातात. घोकून बसू नका, पण पहिल्याच वर्षी मूल्यमापन उरकून टाका. नेमून दिलेली क्रेडिट त्या-त्या बायेनियमच्या २४मध्येही मोजली जातात, त्यामुळे ती दोन-तीन वर्षांत पसरली तर जादा काही करावे लागत नाही. शेवटच्या चार महिन्यांत मूल्यमापन केले, तर तीच क्रेडिट नेहमीच्या कामावर ओझे होऊन बसतात.

सीटी किंवा एमआरआयचे जादा प्रमाणपत्र घ्यायचा विचार असेल, तर क्रेडिट निवडण्याची तीच उत्तम दिशा आहे. या वाटेने जाणाऱ्यांना अर्जाआधीच्या २४ महिन्यांत त्या विषयातली १६ क्रेडिट लागतात आणि अभ्यासक्रमाच्या प्रत्येक मुख्य भागातले किमान एक हवे. तीच १६ तुमच्या २४मध्ये येतात. कॉलेजमध्ये संबंधित विषय घेतला, तर एका सेमिस्टर क्रेडिटची १६ सीई क्रेडिट होतात, म्हणजे तीन क्रेडिटच्या एका विषयात दोन वर्षांचा हिशेब संपून वर उरते. ग्रेड मात्र सी किंवा त्याहून वरची हवी.

दर तीन महिन्यांना तीन क्रेडिट, हा वेग बहुतेकांना जमतो. आठ तिमाहींत २४ होतात. शेवटचे दोन महिने मोकळे ठेवा, कारण आयोजकाकडून प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. एका रात्रीत उत्तरे टिचकवून १२ क्रेडिट मिळवणारे असतात. आकडा भरतो, पण लहान मुलाचा सीटी डोस कमी कसा करायचा किंवा कॉन्ट्रास्टचे (प्रतिमा स्पष्ट दिसण्यासाठी देतात ते औषध) इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला धाप लागली तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचे, हे त्या रात्री शिकून होत नाही. टेबलावरच्या माणसासाठी तरी हे दोन विषय दर मुदतीत एकदा नीट वाचा.

क्रेडिट खरेच कमी पडली, तर नूतनीकरणाच्या अर्जात खरे तेच लिहा. तुम्हाला सीई प्रोबेशनवर ठेवले जाते, जादा शुल्क भरावे लागते आणि राहिलेली क्रेडिट भरायला सहा महिने मिळतात. या काळात भरलेली क्रेडिट जुन्याच हिशेबात जातात, नव्या बायेनियममध्ये पुन्हा धरता येत नाहीत. आणि ते बायेनियम मात्र सुरू झालेले असते. सहा महिन्यांतही भरली नाहीत तर प्रमाणपत्र बंद होते. न केलेला कोर्स 'केला' म्हणून लिहिणे याहून फार वाईट. ऑडिटमध्ये ते सापडले की प्रश्न क्रेडिटचा राहत नाही, नीतिनियम मोडल्याचा होतो. याच अर्जात गुन्ह्याच्या नोंदींविषयीही विचारतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप झाला असेल, तर तो ३० दिवसांत किंवा त्याआधी नूतनीकरण आले तर त्या अर्जात कळवावा लागतो.