पसायदानातले अनुस्वार : जुनी मराठी शिकवायला घेताना

नागपुरात बीए-एमएच्या मुलांना जुनी मराठी शिकवायला नव्याने उभे राहणारे बहुतेक जण आधी भावार्थ सांगून टाकतात. मुले तो उतरवून घेतात, गाइडशी ताडून बघतात आणि मूळ ओवीकडे फिरकत नाहीत. भावार्थ शेवटी ठेवा. आधी क्रियापद, मग कर्ता.

सुरुवात पसायदानापासून करावी, कारण ते सगळ्यांना पाठ असते आणि म्हणूनच कुणी नीट वाचलेले नसते. 'आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें' ही ओळ फळ्यावर अनुस्वारांसकट लिहा आणि विचारा, तोषावे कोणी? अर्धा वर्ग 'हे देवा' असे संबोधन समजून बसलेला असतो. 'देवें' म्हणजे देवाने, 'वाग्यज्ञें' म्हणजे वाग्यज्ञाने. दोन्ही तृतीया, पण एक कर्ता, दुसरे साधन. जुने अनुस्वार वगळणाऱ्या 1962च्या लेखननियमांवर वाढलेल्यांना हा अनुस्वार शोभेचा वाटतो. काही स्वस्त पुस्तिकांत तर तो छापलेलाच नसतो, मग विभक्ती कळणार कशी? त्यातच 'पसायदान हें' मधला अनुस्वार तृतीयेचा नाही, नपुंसकलिंगाचा. म्हणून अनुस्वार दिसला की आधी शब्दाचे लिंग विचारायचे, मग विभक्ती. ही सवय लागायला महिना जातो; जाऊ द्या.

ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. मुले तिथे थांबतात. अर्थ मात्र पुढच्या ओवीत सरकतो. 'जे खळांची' मधला 'जे' म्हणजे 'की', मागचे 'पसायदान हें' काय ते इथून उलगडते. 45 मिनिटांच्या तासाला तीन ओव्या पुरे. दोनदा मोठ्याने वाचन, मग अन्वय, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने लावून, वहीत, मग कोश.

कोशाची खरी गरज ओळखीच्या शब्दांना असते. अनोळखी शब्द मुले स्वतःहून शोधतात. 'व्यंकटी सांडो' मधले सांडणे दूध सांडण्याचे नव्हे, सोडून देण्याचे : खळ नव्हे, त्यांचा वाकडेपणा जावो. 'परी' म्हणजे 'पण', मुलांना मात्र पंखवाली आठवते. 'पुसणे' म्हणजे विचारणे, हे घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना सांगावे लागत नाही; त्यांच्या उच्चाराला हसू न देता अर्थ त्यांनाच विचारा.

पुढे 'लीळाचरित्र', म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे चरित्र. शके 1200च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपुरात सिद्ध केलेले हे गद्य. छंदाची ओढाताण नाही, वाक्ये आखूड, त्यामुळे अन्वय झटकन लागतो. अडते ते पाठभेदांवर. या ग्रंथाच्या पोथ्यापोथ्यांत फरक आहेत, आणि वर्गात तीन आवृत्त्या आल्या की तास त्यातच जातो. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांची संपादित प्रत सगळ्यांसाठी ठरवून टाका. पाठभेदांची तुलना एमएच्या दुसऱ्या वर्षाला.