युकातानमधले गाव कसे वाचावे

मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागातील गावाचा अभ्यास करताना सुरुवात चर्च आणि चौकापासून न करता पाण्यापासून करावी. इथली जमीन चुनखडीची असल्याने पाऊस खडकात मुरतो आणि नदी वाहत नाही; म्हणून जुनी वस्ती सेनोतेंच्या, म्हणजे खडकाचे छत कोसळून उघड्या पडलेल्या भूगर्भातील पाण्याच्या डोहांच्या, आसऱ्याने वाढली. नकाशावर आधी सेनोते आणि विहिरी दाखवाव्यात, मग स्पॅनिश काळात आखलेले रस्ते. इसामाल या गावात हे थर अक्षरशः एकावर एक आहेत, कारण तिथला १६व्या शतकातील फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ इथल्या मूळ रहिवासी माया लोकांच्या प्राचीन चौथऱ्यावर उभा आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र घराच्या परसाला द्यावा, ज्याला तिथे सोलार म्हणतात. चुना न वापरता रचलेला दगडी गडगा, दोन्ही टोकांना गोलाई असलेले, पामच्या झावळ्यांनी शाकारलेले घर आणि वारा खेळावा म्हणून समोरासमोर ठेवलेली दोन दारे, ही रचना माया परंपरेची आहे. त्याच परसात स्थानिक टर्कीबरोबर स्पॅनिशांनी आणलेली कोंबडी आणि डुकरे फिरतात, रामोन या स्थानिक झाडाशेजारी बाहेरून आलेले आंबट संत्रे वाढते. त्यामुळे एकेक वस्तू ‘माया’ किंवा ‘मेस्तिसो’ (स्पॅनिश-स्थानिक मिश्र) अशा रकान्यात टाकण्याऐवजी ती आज कोण राखते, कशासाठी वापरते, हे विचारून लिहावे. युकातानमध्ये हुइपिल, म्हणजे भरतकाम केलेला सैल झगा, घालणाऱ्या माया भाषिक स्त्रीलाही मेस्तिसा म्हणण्याची रीत आहे. तेव्हा शिरगणतीसारखी विभागणी इथे टिकत नाही.

पुढे मिल्पा, म्हणजे मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरण्याचे शेत, पाहावे. माती इतकी उथळ असते की नांगर चालत नाही. पहिल्या पावसानंतर टोकदार काठीने खडकांच्या फटीत भोक पाडून बी टाकतात. दोन-तीन वर्षांनी ते शेत सोडून रान वाढू देतात. अशा जागेची नोंद ‘पडीक’ म्हणून कधीही करू नये, कारण सरपण, मध आणि घराचे लाकूड तिथूनच येते, आणि ते रानच पुढच्या पिकाची सुपीकता साठवत असते. रान किती वर्षांचे आहे, हे शेतकऱ्यालाच विचारावे.

गावाबाहेर जुने धुराडे दिसले, तर बहुधा तिथे एनेकेनचे हासिएन्दा, म्हणजे जमीनदाराचा मोठा मळा, होते. एनेकेन म्हणजे आपल्याकडील घायपाताचाच भाऊबंद. त्याच्या धाग्याला अमेरिकेतील पेंढ्या बांधणाऱ्या कापणीयंत्रांमुळे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचंड मागणी आली आणि कर्जाने जखडलेल्या माया मजुरांच्या श्रमावर हे मळे उभे राहिले. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी त्यांतील बरीच जमीन एहिदोंना, म्हणजे गावकऱ्यांच्या सामूहिक संस्थांना, दिली. म्हणून मळ्याच्या भग्न इमारतीचे छायाचित्र काढून न थांबता भोवतालची जमीन कोणत्या एहिदोकडे आहे, तिथे आता काय पिकते आणि मजुरांचे वंशज कुठे राहतात, हेही त्याच पानावर नोंदवावे.