पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी?

मुंबईच्या पावसाळ्यात हे हमखास होतं: बटण दाबलं की डेस्कटॉपचा पंखा घरघरतो, दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच. लगेच मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) गेला म्हणून कपाळाला हात लावू नका. दमट, खाऱ्या हवेने रॅमच्या, म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या मेमरीच्या पट्टीच्या, टोकांवर थर चढतो आणि संपर्क नीट होत नाही. अर्थात, आधी मॉनिटरची केबल दोन्हीकडून घट्ट आहे ना, तेवढं बघून घ्या.

मग प्लग भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडल्यावर आधी उघड्या पत्र्याला बोट टेकवा. अंगातली स्थिर वीज उतरते. रॅम बसते त्या स्लॉटच्या (खोबणीच्या) टोकाची खिटी बाहेर दाबली की रॅमची पट्टी मोकळी होते. कडेने धरून उचला, सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा. कचरा स्लॉटपासून लांब झटका. खाच जुळवून पट्टी बसवा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. इथेच बहुतेक जण घाबरतात आणि पट्टी अर्धवट बसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

कॉम्प्युटर सुरू होतोय, पण तारीख-वेळ दर वेळी चुकतेय? मग मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा गोल सेल बदला. बहुतेकदा तो सीआर २०३२ असतो. त्यासाठी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठायची गरज नाही, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो.

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जबर झटका देण्याइतकी वीज राहू शकते.