बोर्ड गेम स्पर्धेला येताय? या चुका घरीच ठेवून या

‘पण आम्ही घरी असंच खेळतो!’

शनिवारची पहिली फेरी सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली की कुठल्या तरी टेबलावरून हे वाक्य येतंच. पंच म्हणून मी उठते, टेबलापाशी जाते आणि चेहरे बघूनच अंदाज येतो. दोघं वैतागलेले, एक रडवेला, चौथा मोबाइलवर नियम शोधतोय. शनिवार-रविवारच्या अशा स्पर्धांना बरीच वर्षं पंचगिरी केली. उत्तम खेळणारी माणसं दुपारच्या आत स्पर्धेबाहेर पडलेली बघितली, आणि बहुतेकदा त्यात फाशांचा काही दोष नव्हता. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समजावून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढते.

घरचे नियम

कुठलाही गेम घरात दोन-तीन वर्षं राहिला की त्याला घरचे नियम चिकटतात. मोनोपॉलीत दंडाचे पैसे मध्ये साठवायचे आणि फ्री पार्किंगवर येईल त्याने उचलायचे, हे मूळ नियमांत नाहीच. उलट, एखाद्याने जागा घेतली नाही तर लगेच तिचा लिलाव करायचा हे नियमांत आहे, आणि ते मात्र जवळजवळ कोणी करत नाही.

कॅटानची तऱ्हा तीच. फाशांवर मिळणाऱ्या कार्डांतून बेटावर रस्ते आणि वस्त्या बांधत दहा गुण गाठायचा, क्लाउस टॉयबर यांचा हा गेम १९९५ साली आला. म्हणजे घरोघरी त्याचे स्वतःचे अवतार तयार व्हायला भरपूर वेळ मिळालाय. ‘पहिल्या दोन फेऱ्या रॉबर हलवायचा नाही’, हा घरचा नियम. (रॉबर म्हणजे दोन फाशांची बेरीज सात आली की हलवायची सोंगटी; ती बसते त्या जागेवरून कोणाला काही मिळत नाही.) मूळ नियमांत अशी सवलत नाही. तिसऱ्याची पाळी चालू असताना दोघांनी आपापसात कार्डं बदलणं, हेही घरचंच. ज्याची पाळी त्याच्याशीच सौदा करता येतो. मित्राला एखादं कार्ड फुकट देऊन टाकणंही चालत नाही. रॉबर हलवणारा नाइट किंवा जादा गुण असं काही देणारं डेव्हलपमेंट कार्ड विकत घेतलं त्याच पाळीत खेळता येत नाही. अपवाद फक्त व्हिक्टरी पॉइंटच्या कार्डाचा, त्याने दहा गुण पुरे होत असतील तर ते लगेच दाखवता येतं. सात पडल्यावर सातपेक्षा जास्त कार्डं असलेल्यांनीच निम्मी टाकायची. हातात बरोबर सात असतील तर काहीच टाकायचं नाही, आणि नऊ असतील तर चार टाकायची, पाच नव्हे. या ‘पाच की चार’वरून मी किती भांडणं सोडवलीत त्याची मोजदादच नाही.

एक किस्सा मात्र मी दर स्पर्धेआधी सांगते. तिसरी फेरी चालू होती आणि त्या टेबलावरचा एक खेळाडू खरोखर हुशार होता. मांडणी सुरेख, सौदे नेमके. त्याच्या दोन सिटी (मोठ्या वस्त्या, प्रत्येकी दोन गुण) आणि दोन सेटलमेंट (छोट्या वस्त्या, प्रत्येकी एक) पटावर होत्या, म्हणजे सहा गुण सगळ्यांना दिसत होते. हातात व्हिक्टरी पॉइंटची, म्हणजे एकेक गुणाची, दोन कार्डं होती, ती कोणालाच माहीत नव्हती. लाँगेस्ट रोड, म्हणजे निदान पाच तुकड्यांच्या सगळ्यात लांब सलग रस्त्याचं दोन गुणांचं कार्ड, दुसऱ्याकडे होतं; त्याचा रस्ता सात तुकड्यांचा. मग तिसऱ्या खेळाडूने आपल्या पाळीत त्या सात तुकड्यांच्या रस्त्याच्या मधोमध सेटलमेंट ठोकली. रस्ता तुटला, चार आणि तीन. आमच्या हुशार गड्याचा रस्ता पाच तुकड्यांचा, त्यामुळे लाँगेस्ट रोडचं कार्ड त्याच्याकडे आलं. सहा अधिक दोन अधिक दोन, झाले दहा.

गडी खुर्चीवरून उठला, ‘जिंकलो!’ म्हणाला आणि दोन्ही लपवलेली कार्डं टेबलावर उलटी केली.

फक्त त्याची पाळी नव्हती. कॅटानमध्ये जिंकायचं ते स्वतःच्याच पाळीत. दुसऱ्याच्या पाळीत दहा गुण झाले तर गप्प बसून आपली पाळी येण्याची वाट बघायची. मला बोलावलं तेव्हा मी तेच सांगितलं, आणि त्याने ते मुकुंदाची बासरी ऐकावी तसं तोंड उघडं ठेवून ऐकलं. त्याची पाळी यायला अजून दोघं बाकी होते. तो गप्प राहिला असता तर पटावर त्याचे आठच गुण दिसले असते आणि कोणी फारसं घाबरलं नसतं. आता सगळ्यांना दहा दिसत होते. पुढच्याने नाइट खेळून रॉबर त्याच्या सगळ्यात चांगल्या हेक्सवर, म्हणजे पटावरच्या षटकोनी जागेवर, बसवला. त्यानंतर पाळी आली, ज्याचा रस्ता तुटला होता त्याची. तो आधीच चिडलेला, त्याचा एक रस्ता नेमका तिथवर पोचलेला आणि हातात सेटलमेंटची चारही कार्डं. त्याने पाचाचा रस्ता दोन आणि तीन असा कापला. पाच तुकडे आता कोणाचेच नव्हते, म्हणून लाँगेस्ट रोडचं कार्ड बाजूला ठेवलं गेलं. गडी परत आठवर आला, आणि तो डाव त्याने तिसऱ्या क्रमांकावर संपवला.

‘घरी तर कोणाच्याही पाळीत जिंकता येतं,’ तो मला नंतर म्हणाला. येत असेल बापडं.

यावर माझा उपाय म्हणजे माझी खोड आहे, शास्त्र नाही. स्पर्धेच्या आठवडाभर आधी मी नियमपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, हातात पेन्सिल घेऊन. जिथे ‘अरे, असं आहे होय?’ वाटतं तिथे खूण करते. शंभरदा खेळलेल्या गेममध्येही दोन-तीन खुणा होतातच. कॅटानच्या पुस्तिकेत मागे शब्दवार खुलासे दिलेले असतात, ते तर जरूर वाचा, कारण टेबलावरचे निम्मे वाद तिथेच मिटतात. उदाहरणार्थ, प्रत्येक रिसोर्सची (लाकूड, वीट, मेंढी, गहू, खनिज) कार्डं १९च असतात. ती संपत आली आणि एकापेक्षा जास्त जणांना मिळायची असताना सगळ्यांना पुरत नसतील, तर त्या पाळीत ते रिसोर्स कोणालाच मिळत नाही. हे माहीत असलेला माणूस मला फार क्वचित भेटतो.

आणि हो, दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून येणाऱ्यांना हात जोडून विनंती. व्हिडिओ गेम शिकायला ठीक. बनवणाऱ्याला कंटाळवाणी वाटलेली बारीकसारीक कलमं त्यात नसतात, आणि स्पर्धेत डाव अडतो तो त्याच कलमांवर. ‘बेस्ट ओपनिंग’ची, म्हणजे सुरुवातीच्या उत्तम मांडण्यांची, यादी पाठ करून येणारे तर वेगळंच प्रकरण आहे. कॅटानमध्ये सहा आणि आठ आकड्यांच्या जागा चांगल्या, हे त्यांना पाठ असतं. का, ते विचारा: दोन फाशांच्या छत्तीसपैकी पाच-पाच शक्यता. आणि सातच्या सहा, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा तुम्हाला काहीच देत नाही, उलट हातातलं काढून घेतो. हे कळलं की यादी लागत नाही.

कुठली आवृत्ती?

हे कार्कासोनवाल्यांसाठी. टाइल जोडत शहरं, रस्ते आणि शेतं उभी करायचा क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा गेम २००० सालचा, टाइल ७२ आणि नियम मधल्या काळात बदललेले. जुन्या पुस्तिकेत दोन टाइलच्या छोट्या शहराला दोनच गुण होते. नंतर ते बाकीच्या शहरांसारखंच मोजायला लागले, म्हणजे चार. शेतकऱ्यांचा हिशोब तर मुळापासून बदलला. आधी प्रत्येक शहराभोवती कोणाचे शेतकरी जास्त ते बघून चार गुण मिळायचे, आता प्रत्येक शेताला लागून असलेल्या पूर्ण शहरामागे तीन. जुना डबा घेऊन वर्षानुवर्षं खेळलेला माणूस शेवटच्या मोजणीत जिंकलो असं समजतो आणि हरतो. आयोजकांना आधी विचारा, कुठल्या नियमांनी खेळवणार आणि एक्सपान्शन, म्हणजे गेमचे जादा भाग, आहेत का. एका ओळीचा प्रश्न आहे.

‘आता काय, हरलोच!’

मनापासून चीड आणणारी चूक कुठली म्हणाल तर ही.

डाव हातातून गेला की काही लोक खुर्चीत मागे रेलतात, पटापट काहीतरी खेळतात, मोबाइल काढतात. त्यांना वाटतं, हरणं ते हरणं, मग तीन गुणांनी काय आणि आठ गुणांनी काय. तीन फेऱ्या झाल्यावर दोघांचा एक-एक विजय आहे असं धरा. एकाचे गुण १०, ४, ३, म्हणजे एकूण १७. दुसऱ्याचे १०, ८, ७, म्हणजे २५. टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचा निकष, एकूण गुणांवर असेल तर दुसरा उपांत्य फेरीत जातो, आणि पहिला माझ्याकडे येऊन म्हणतो, ‘मीही एक जिंकलोय की!’ जिंकलास बाबा, पण उरलेल्या दोन डावांत झोपा काढल्यास.

टायब्रेक सगळीकडे सारखा नसतो. कुठे एकूण गुण धरतात, कुठे टेबलावरच्या सगळ्या गुणांत तुमचा वाटा किती ते, कुठे तुमचे प्रतिस्पर्धी किती सरस ठरले ते. आयोजक हे आधी लिहून पाठवतात आणि ते कोणी वाचत नाही. वाचा. हरत चाललेल्या डावात नेमकं काय करायचं हे त्या एका परिच्छेदावर ठरतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘मी नाही तर माझा मित्र’. स्वतःचं संपलं म्हणून मित्राला एका लाकडाच्या बदल्यात हातातली चार कार्डं देणं. सौदा म्हणून नियमांत बसत असेलही, पण पंच त्याला मिलीभगत धरू शकतो. मी धरते.

घड्याळ

घरी घड्याळ नसतं, स्पर्धेत असतं. स्क्रॅबलवाले यात सगळ्यांच्या पुढे आहेत. त्यांच्या स्पर्धेत साधारणपणे प्रत्येकाला २५ मिनिटं मिळतात आणि पुढच्या प्रत्येक मिनिटामागे दहा गुण कापले जातात. त्यामुळे ती मंडळी सरावही घड्याळ लावूनच करतात. बाकीच्या गेममध्ये बहुतेकदा अख्ख्या फेरीलाच वेळेची मर्यादा असते, आणि तिथे एकाचा वेळखाऊपणा चौघांना भोवतो.

वेळ जातो कुठे, हे मी टेबलाशेजारी उभी राहून बघितलंय. मोठ्या निर्णयांत फारसा जात नाही. ‘वीट आहे का कोणाकडे? नाही? नक्की नाही? मेंढी दिली तर? दोन मेंढ्या?’ यात जातो. माझी सवय अशी की दुसऱ्याची पाळी चालू असतानाच मनात ठरवून ठेवायचं: अमुक आलं तर हे बांधणार, नाही आलं तर कार्ड घेणार. सौदा एकदा विचारायचा, फार तर दोनदा, आणि फासे पुढे सरकवायचे. घरी तीन डाव मोबाइलचा टायमर लावून खेळा. पहिल्यात वैतागाल, तिसऱ्यात सवय होईल.

पंचाला उशिरा बोलावणं

‘दोन फेऱ्यांपूर्वी याने एक गहू जास्त घेतला होता.’ मग मी आता काय करू? दरम्यान फासे आठ वेळा पडले, त्या गव्हाची सिटी झाली, रॉबर दोनदा हलला. मागे नेता येत नाही. शंका आली त्याच क्षणी, पुढचे फासे पडायच्या आत, हात वर करा. पंचाला बोलावणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं नव्हे. तरी लोक भिडस्तपणाने गप्प बसतात आणि मग डाव संपल्यावर कोपऱ्यात कुरकुरतात.

निकालाच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी गुण स्वतः मोजा. सही झाल्यावर सापडलेली चूक माझ्या लेखी सापडलेलीच नाही.

फुटकळ, पण रोजचं

स्लीव्ह, म्हणजे कार्डांची प्लास्टिकची पाकिटं, निम्म्या नव्या, निम्म्या जुन्या असतील तर ती खूण केलेली पत्त्यांची गड्डीच झाली, सगळ्या बदला. फासा पटाच्या कडेवर तिरका राहिला तर काय करायचं ते पहिला फासा टाकण्याआधी ठरवा. स्क्रॅबलची पिशवी डोळ्यांच्या रेषेच्या वर धरा, मांडीवर नाही. तेलकट हातांनी दुसऱ्याच्या गेमला हात लावू नका. नोंदणी बंद होण्याची वेळ आणि पहिली फेरी सुरू होण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत.

शुक्रवारच्या रात्रीबद्दल मात्र थोडं जास्त बोलते. आदल्या रात्री सगळे जमतात, कोणीतरी पाच तासांचा गेम उघडतो, ‘एकच डाव’ म्हणत पहाटेचे तीन वाजतात. मजा येते, मान्य. मीही केलंय. पण चौथ्या फेरीत, दुपारी चारच्या सुमारास, जी माणसं स्वतःचाच लाँगेस्ट रोड मोजायला विसरतात, ती हमखास रात्रीच्या त्या टेबलावरचीच असतात. हौसेला आलात तर खुशाल जागा. जिंकायला आलात तर तो मोठा गेम रविवारी संध्याकाळसाठी ठेवा. मी स्वतः रात्री अकराला टेबलावरून उठते, आणि लोक हसतात.

न सांगता निघून जाणं

स्विस पद्धतीत कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत जवळपास सारखे गुण असलेल्यांना एका टेबलावर बसवतात. बुद्धिबळात ही पद्धत १८९५ साली झुरिकला पहिल्यांदा वापरली गेली, आणि तेव्हापासून जोड्या लावणाऱ्या प्रत्येकाची एकच डोकेदुखी आहे: यादी लागल्यावर रिकामी सापडणारी खुर्ची. दोन डाव हरलेला खेळाडू गुपचूप बॅग उचलतो. चौघांचं टेबल तिघांचं होतं, पट मोकळा राहतो, सौद्याला एक माणूस कमी, आणि त्या तिघांची फेरी बाकी टेबलांपेक्षा वेगळीच होते. कधीकधी अख्खी यादी पुन्हा लावावी लागते आणि सगळा हॉल वीस मिनिटं ताटकळतो.

जायचं असेल तर जा. फेरीची यादी लागायच्या आत माझ्या टेबलापाशी येऊन नाव सांगा. मी कारण विचारत नाही, नावावर रेघ मारते.