पोर्श 914 चा गिअर सैल झालाय? गिअरबॉक्स खोलू नका
914 मधे गिअरबॉक्स इंजिनच्याही मागे, त्यामुळे लिव्हरपासून निघालेला रॉड टनेलमधून (गाडीच्या मधल्या बोगद्यातून) फायरवॉल, म्हणजे केबिन आणि इंजिनमधला पत्रा, ओलांडून पार मागे जातो आणि वाटेत रॉडला धरणारे प्लास्टिकचे बुश (छोट्या नळ्या) झिजले की लिव्हर भातात पळी फिरवल्यासारखा हलतो, गिअर काही सापडत नाही. आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा, बंद असताना नीट पडतात आणि चालू केल्यावर करकरतात तर आधी क्लच केबल बघायची, लिंकेज, म्हणजे हा रॉड आणि त्याचे सांधे, नंतर.

फायरवॉलचा बुश आपल्या बडोद्याच्या उन्हात कडक होऊन चक्क तुकड्यांत निघतो. नवीन मागवायला वेळ लागत असेल तर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुठल्याही लेथवाल्याकडून डेलरिनचा, म्हणजे कठीण प्लास्टिकचा, करून घ्या, पण माप जुन्या बुशाचं नाही, रॉडचं आणि भोकाचं द्या, झिजलेल्याचं माप देऊन काय फायदा?

आणि रॉडच्या सांध्यातला कोन स्क्रू (निमुळत्या टोकाचा स्क्रू) बघाच, तो सैल असला तर नवे बुश टाकूनही खेळ राहतो. सोडवण्याआधी रॉड आणि कपलिंगवर मार्करने रेघ मारा, नाहीतर पहिला आणि रिव्हर्स शोधत बसाल. खाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा.