ब्लॅकजॅक शिकताय? आधी डीलरचं पान बघा

मे महिन्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी भाचरं जमली की दुपारी झब्बू आणि बदाम सात ठरलेलंच. गेल्या सुट्टीत मोठा भाचा म्हणाला, "मामा, मला ब्लॅकजॅक शिकव. मित्रांबरोबर गोव्याला जायचंय." मी म्हटलं, शिकवतो, पण आधी चार दिवस चिंचोक्यांवर खेळायचं. त्या चार दिवसांत त्याला जसं शिकवलं, त्याच क्रमानं इथे लिहितो आहे.

चिंचोकेच का? पुण्यात कॅसिनो नाही. महाराष्ट्रात जुगाराला १८८७ चा कायदा लागू आहे, आणि कॅसिनोसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलात न येता २०२३ मध्ये रद्दच झाला. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली आहे, त्यामुळे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या तसल्या लिंकांना हातही लावू नका. ज्यांना कॅसिनोचं टेबल बघायचं असतं ते पणजीला मांडवीतल्या बोटींवर जातात. पण खेळ शिकायला त्याची गरज नाही. जोकर काढून टाकलेला बावन्न पानांचा एक कॅट आणि माणशी शंभर चिंचोके एवढं पुरे.

पायरी पहिली : मांडणी

एकानं डीलर व्हायचं. खेळणाऱ्यानं आधी चिंचोके लावायचे, मग त्याला दोन उघडी पानं मिळतात. डीलर स्वतःला दोन घेतो, एक उघडं आणि एक पालथं. दुर्री ते नव्वी यांचे अंकाइतके गुण, दश्शी, गुलाम, राणी, राजा यांचे प्रत्येकी १०. एक्का १ किंवा ११, जसा सोयीचा पडेल तसा. डीलरपेक्षा एकवीसच्या जवळ जायचं, पण एकवीस ओलांडायचं नाही. ओलांडलं की उडालात, चिंचोके गेले. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा गुणांचं पान आलं तर तो ब्लॅकजॅक, दहा चिंचोक्यांवर पंधरा मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. डीलरला मनाचं काही करता येत नाही. सोळापर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, सतरा झाले की थांबावंच लागतं. आपण मात्र हवं तिथे थांबू शकतो. मग डीलरचं पारडं जड कशानं? आपण आधी खेळतो म्हणून. आपण उडालो की चिंचोके तिथेच गेले, नंतर डीलरही उडाला तरी ते परत येत नाहीत.

पायरी दुसरी : पालथं पान दहाचं धरा

भाचा पहिल्या दिवशी फक्त स्वतःच्या पानांकडे बघत होता. "सोळा झाले, आता घेतलं तर उडेन," म्हणून दर वेळी थांबायचा. नवशिक्याची सगळ्यात महागडी सवय हीच. बावन्नातली सोळा पानं दहा गुणांची असतात, दुसरं कुठलंच मोल इतक्यांदा येत नाही. म्हणून डीलरचं पालथं पान दहाचं आहे असं धरून चालायचं. ते दर वेळी खरं ठरत नाही, पण दिशा बरोबर दाखवतं.

डीलरपुढे छक्की असेल तर त्याचे सोळा धरा. त्याला अजून एक पान घ्यावंच लागणार, आणि तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ त्याला उडवतील. छक्कीवर डीलर शंभरातून साधारण ४२ वेळा उडतो. सत्ती असेल तर त्याचे सतरा धरा, तो थांबलेलाच. सत्तीवर तो शंभरातून साधारण २६ वेळाच उडतो. छक्की आणि सत्ती यांच्यामधली ही भिंत पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

पायरी तिसरी : घ्यायचं की थांबायचं

सतरा किंवा जास्त असतील तर थांबा. अकरा किंवा कमी असतील तर घ्या, उडायची भीतीच नाही. खरी परीक्षा तेरा ते सोळाची. डीलरपुढे दुर्री ते छक्की असेल तर थांबा आणि त्याला उडू द्या. सत्ती ते एक्का असेल तर घ्या. बारा असतील तर चौकी, पंजी, छक्की यांच्यापुढेच थांबायचं, एरवी घ्यायचं, कारण बारावर तेरातली चारच पानं आपल्याला उडवतात.

सोळावर सत्तीपुढे पान घ्यायला कुणाचाच हात धजत नाही. मीही सुरुवातीला थांबायचो. म्हणून हिशेब सांगतो. अशा शंभर डावांत दर वेळी दहा चिंचोके लावले आणि थांबत गेलात, तर एकूण सुमारे ४७५ गमवाल. घेत गेलात तर सुमारे ४१५. तोटा दोन्हीकडे आहे, पण साठ चिंचोके वाचतात. ब्लॅकजॅकचं सगळं शहाणपण असंच आहे, वाईट पानांवर कमी गमवायचं.

हातात ११ धरता येणारा एक्का असेल तर उडायची भीती जाते. एक्का-छक्कीचे सतरा असोत की त्याहून कमी, बिनधास्त घ्या. एक्का-सत्तीचे अठरा असतील तर डीलरच्या नव्वी, दहाचं पान किंवा एक्क्यापुढे घ्या, बाकी वेळी थांबा. एकोणीसवर थांबाच.

पायरी चौथी : डबल आणि जोडी फोडणं

पहिल्या दोन पानांवर लावलेले चिंचोके दुप्पट करून फक्त एकच पान घेता येतं, त्याला डबल म्हणतात. अकरा असतील तर डीलरचा एक्का सोडून सगळ्यांपुढे डबल करा. दहा असतील तर दुर्री ते नव्वीपुढे, नऊ असतील तर तिर्री ते छक्कीपुढे. पारडं आपल्या बाजूला झुकतं ते याच वेळी, आणि नवशिके नेमके इथेच कचरतात.

पहिली दोन पानं सारखी आली तर तेवढेच चिंचोके आणखी लावून त्यांचे दोन वेगळे डाव करता येतात, त्याला जोडी फोडणं म्हणतात. जोड्यांचा पूर्ण तक्ता मोठा आहे, आत्ता नको. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडा. दहाच्या पानांची आणि पंजींची कधीच फोडू नका.

पायरी पाचवी : इन्शुरन्सला नाही म्हणा

डीलरपुढे एक्का आला की कॅसिनोत विचारतात, इन्शुरन्स घेणार का? नाव चांगलं आहे, पण तुमच्या पानांचा विमा वगैरे काही उतरत नाही. पालथं पान दहाचं निघेल यावर लावलेली ती वेगळी पैज असते, आणि जिंकली तर दुप्पट मिळतात. म्हणजे बरोबरीत सुटायला तीनदा लावल्यावर एकदा तरी जिंकायला हवं. एका कॅटमध्ये तुमची दोन आणि डीलरचं एक पान दिसल्यावर ४९ पानं न दिसलेली उरतात. तुमच्याकडे दहाचं एकही नसलं तरी त्यांत दहाची १६. एकतृतीयांशापेक्षा कमीच.

बोटीवर गेलात तर बसण्याआधी टेबलावर छापलेलं वाचा. ब्लॅकजॅकला ३:२ च्या जागी ६:५ लिहिलं असेल तर दहावर पंधराऐवजी बाराच मिळतात. ब्लॅकजॅक सरासरी एकवीस डावांत एकदा येतो. म्हणजे २१० लावल्यावर ३ जास्त गेले, जवळजवळ दीड टक्का. चांगल्या नियमांच्या टेबलावर नीट खेळणाऱ्याचा तोटा मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. ६:५ च्या टेबलावर बसूच नका.

हे नियम कुणाच्या अंदाजानं ठरलेले नाहीत. बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकन लष्करातल्या चौघांनी टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून ते काढले आणि १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापले. त्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो.

पायरी सहावी : सराव

पूर्ण डाव खेळायची गरज नाही. एक पान डीलरचं म्हणून उघडं ठेवा, स्वतःपुढे दोन मांडा आणि लगेच मोठ्यानं बोला : घे, थांब, डबल, फोड. पानं बाजूला सारा, पुढची मांडा. रोज पन्नास वेळा. बारा ते सोळावर अडखळत असाल तर मुद्दाम त्याच बेरजेची पानं निवडून मांडा.

चौथ्या दिवशी भाच्याचे सोळा झाले, माझ्यापुढे सत्ती. त्यानं क्षणभरही विचार न करता पान मागितलं. राजा आला, उडाला. त्यानं दहा चिंचोके माझ्याकडे सरकवले, पानं गोळा केली आणि पुन्हा पिसायला घेतली.